तेरावा महिना

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जानेवारी २०२५ मध्ये, एका तरुण डॉक्टर मुलीचा फोन आला. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका आदिवासी तालुक्यात ती वैद्यकीय अधिकारी आहे. तिच्या तुकडीला मी कधीतरी दोन दिवस कुष्ठरोग शिकवला होता, तेवढीच ओळख. म्हणाली, "सर, एमबीची पेशंट आहे. सप्टेंबरात बारा पाकिटं पूर्ण झाली. आता डाग पुन्हा लाल झालेत. रिलॅप्स धरून एमडीटी परत सुरू करू का?" म्हणजे कुष्ठरोग उलटला असं धरून बहुविध औषधोपचार पुन्हा द्यायचा का.

"हात पाहिलास का?"

फोनवर थोडा वेळ शांतता. मग, "डाग पाहिले, सर."

तिला दोष देण्यात अर्थ नाही. डाग पाहायचे, पाकिटं मोजायची आणि हाताकडे लक्ष द्यायचं नाही, ही सवय लावणाऱ्यांची यादी केली तर माझं नाव बरंच वर येईल. पंचवीसेक वर्षं मी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रणात वैद्यकीय सल्लागार म्हणून काम केलं. देशोदेशीचे कार्यक्रम तपासायचे, अहवाल लिहायचे, बैठकांत बसायचं. आता नाशिकला परतून पंचवटीत एका मित्राच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा बसतो. या प्रकरणात ओळख पटू नये म्हणून दोन-चार खुणा बदलल्या आहेत.

रुग्ण स्त्री, वय ३४, वजन ४४ किलो. दसऱ्यानंतर टोळीबरोबर दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेवर उतरायचं आणि शिमग्याला घरी परतायचं, असं तिचं वर्ष. ऑक्टोबर २०२३ मध्ये रुग्ण शोध मोहिमेत आशाताईंनी तिच्या पाठीवरचे डाग पाहिले. एकूण नऊ डाग, त्यावर संवेदना कमी, उजव्या कोपरामागची अल्नर नस जाड. बहुजिवाणू म्हणजे एमबी गटात नोंद झाली आणि रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन या तीन औषधांची पाकिटं सुरू झाली. महिन्याला एक, अशी बारा. हंगामात तिने दोन पाकिटं आगाऊ मागून नेली, म्हणजे एकही चुकली नाही. एवढी शिस्त शहरातले शिकलेले रक्तदाबाचे रुग्णही दाखवत नाहीत.

तिच्या कार्डावर हातापायांच्या ताकदीचा तक्ता असतो. स्नायू बळकट असेल तर एस, कमजोर असेल तर डब्ल्यू, लुळा असेल तर पी. तिच्या तक्त्यात सगळीकडे एस. बारा महिन्यांचे सगळे एस एकाच शाईत, एकाच कलाने, एका बैठकीत भरलेले. असं पान ओळखायला मला वेळ लागत नाही, फार देशांत पाहिली आहेत अशी पानं. शेवटच्या रकान्यात 'उपचार पूर्ण' असा शेरा आणि तारीख होती, आणि चालू रुग्णांच्या यादीतून तिचं नाव कमी झालं.

फोननंतर तीन दिवसांनी ती मुकादमाच्या मोटारसायकलवरून दिंडोरी नाक्यावर उतरली आणि चालत दवाखान्यात आली. सोबत जाऊ होती. करंगळीला मळकी चिंधी बांधलेली.

इथे पहिला प्रश्न निदानाचा नव्हता, तारखेचा होता. नस दुखावून सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाले तर गेलेली ताकद परत येण्याची बऱ्यापैकी आशा असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. तेव्हा कधीपासून हे कळणं फार गरजेचं. मी विचारलं तर म्हणाली, "लई दिवस झालं." महिना विचारला तर जावेकडे पाहिलं. मग मी बागेच्या कामाने विचारायला लागलो. मी नाशिकचा. बाग माझी नसली तरी निम्मे नातेवाईक बागायतदार आहेत.

"गोडी छाटणीला कैची नीट धरता येत होती?"

"तवा येत होती."

"छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावली तेव्हा?"

"हातात मोजे व्हते. काय कळणार?"

"फेलफूट काढताना?"

इथे ती थांबली. फेलफूट म्हणजे घड न आलेली कोवळी फूट. ती अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून मोडायची असते. "भाऊबीज करून आलो तवा. फूट चिमटीत धरायची आन् सुटून जायची. ही म्हणायची, हात कामातून गेला का तुझा." जाऊ जरा ओशाळली. "आन् थिनिंगला करंगळी कापली. रगत आलं तवा कळलं." थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं.

छाटणी सतरा ऑक्टोबरला झाली, हे मुकादमाला तोंडपाठ होतं, कारण पुढची सगळी कामं त्या दिवसापासून मोजतात. त्या बागेत फेलफूट अठराव्या-विसाव्या दिवशी काढली होती. म्हणजे नोव्हेंबरचा पहिला आठवडा. शेवटचं पाकीट संपून महिना-सव्वा महिना झाला असेल नसेल. उपचार सुरू झाल्यापासून मोजलं तर हा तेरावा महिना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा अक्षरशः कुणाच्या वाट्याला आलेला मी क्वचितच पाहिला आहे. माझ्यासमोर ती बसली तेव्हा साधारण साडेदहा आठवडे उलटले होते. म्हणजे वेळ होता, पण वाया घालवण्याइतका नव्हता.

मधल्या काळात ती गप्प बसली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. रुग्ण उशिरा येतात, अंगावर काढतात, हे आमचं आवडतं वाक्य. करंगळी कापल्यावर ती बागेजवळच्या एका सरकारी केंद्रात गेली. ते तिच्या गावचं केंद्र नव्हे, तिथे तिची नोंद नव्हती. तिने जुनं कार्ड दाखवलं, त्यावर उपचार पूर्ण झाल्याचा शेरा होता. "औषध पूर्ण झालंय, बरी झालीस, डाग राहतातच," असं सांगून जखमेवर पट्टी बांधून दिली. मग एका खाजगी डॉक्टरकडे बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, तीन आठवडे, पदरचे पैसे घालून. त्याचा काही उपयोग नाही म्हटल्यावर संक्रांतीला गावी गेली तेव्हा आशाताईंना हात दाखवला. आशाताईंनी तिला त्या तरुण डॉक्टरकडे नेलं. म्हणजे दोन महिन्यांत चार दरवाजे. उशीर तिने केला नाही.

तपासणी अशी. उजवी अल्नर नस कोपराच्या वर शिसपेन्सिलीएवढी जाड, आणि बोट लावताच तिने हात मागे घेतला. डावी नेहमीसारखी. डागांपैकी सहा फुगलेले, लाल, हाताला गरम. नवा डाग एकही नाही. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला बॉलपेन हलकंच टेकवून चार ठिकाणं तपासली, डोळे मिटून तिने फक्त एकच ओळखलं. करंगळी बाहेरच्या बाजूला ताणून धर म्हटलं तर ती धरते, पण मी एका बोटाने दाबली की मिटते. करंगळी आणि अनामिका यांच्यात कागद धरायला दिला, तो मी ओढताच निसटला. डोळे घट्ट मिटत होते, पावलं उचलली जात होती. घोट्यामागची नस दोन्हीकडे किंचित जाड, पण तळपायाची संवेदना शाबूत. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागली, आणि लागलेली हत्यारं म्हणजे एक पेन आणि एसटीचं तिकीट.

आता त्या तरुण डॉक्टरच्या प्रश्नाकडे. रिलॅप्स की रिअॅक्शन? तिने जिल्ह्याच्या ठिकाणी चिराचाचणी, म्हणजे त्वचेला बारीक चीर देऊन जंतू पाहायची तपासणी, करून घेतली होती, हे तिचं श्रेय. कानाच्या पाळीतून आणि डागातून घेतलेल्या नमुन्यांत जंतू थोडेच, तेही तुकडे झालेले. पण चाचणीआधीच कथेतून उत्तर मिळत होतं. रिलॅप्स दबक्या पावलांनी येतो, बहुधा काही वर्षांनी. नवे डाग उठतात, नस दुखत नाही, जंतूंची संख्या पुन्हा चढते. रिअॅक्शन मात्र अचानक येते. जुनेच डाग फुलून येतात, नस ठणकते, दिवसांत किंवा आठवड्यांत हात कमजोर होतो. आणि ती उपचाराच्या आधी, उपचार चालू असताना किंवा उपचार संपल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा येऊ शकते.

जंतू मेले तर मग हे का, असं त्या बाईनेही विचारलं आणि डॉक्टरनेही. गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायांखाली उतरला की आपण पूर ओसरला म्हणतो, पण रामकुंडाच्या पायऱ्यांवरचा गाळ उपसायला नंतर किती दिवस लागतात, ते पंचवटीकरांना माहीत आहे. औषधाने जंतू मरतात. रिफाम्पिसिनच्या पहिल्या काही मात्रांतच बहुतेक सगळे मरतात. त्यांचे मेलेले अवशेष मात्र कातडीत आणि नसेत वर्षानुवर्षं पडून राहतात, शरीर ते सावकाश साफ करतं. या साफसफाईत कधी प्रतिकारशक्ती अचानक चवताळते, आणि ही चकमक नसेच्या आत झाली तर सूज येते. कोपरामागे नस हाडाच्या खोबणीतून जाते, तिथे फुगायला जागा नाही. मग नस स्वतःच्याच सुजेखाली दबते. अशा रुग्णाला एमडीटीची आणखी बारा पाकिटं दिली असती तर मेलेले जंतू पुन्हा मारण्यापलीकडे काही झालं नसतं, आणि तेवढ्या वेळात करंगळी आणि अनामिका कायमची वाकडी झाली असती.

इथवर हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातलं प्रकरण झालं. मला त्यात रस आहे तो दुसऱ्याच कारणासाठी.

तिची नस दुखावणार, हे अनपेक्षित नव्हतंच. बांगलादेशात मज्जातंतूंच्या हानीचा मोठा पाठपुरावा-अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नोंदणीच्या वेळी फक्त दोन गोष्टी पाहायच्या होत्या: रुग्ण पीबी म्हणजे अल्पजिवाणू की एमबी, आणि नसेचं काम आधीच बिघडलंय की नाही. पीबी आणि नस चांगली, तर पुढच्या दोन वर्षांत नवी हानी होण्याचा धोका शंभरात एक-सव्वा. दोन्हींपैकी एकच गोष्ट असेल तर सोळा. एमबी आणि नस आधीच बिघडलेली, तर पासष्ट. तिचा हात पहिल्या दिवशी कुणी तपासलाच नव्हता. पण मी विचारल्यावर तिला आठवलं, पहिल्या पाकिटाच्याही आधी करंगळीला मुंग्या यायच्या. म्हणजे ती कदाचित त्या पासष्टांच्या गटात पहिल्या दिवसापासूनच होती. लक्षात घ्या, हा धोका दोन वर्षांचा मोजलेला आहे. आपली नोंदवही एका वर्षाने मिटते.

ती एका वर्षाने का मिटते, हे मला जवळून माहीत आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचार सुचवला, तेव्हा एमबी रुग्णाला किमान दोन वर्षं औषध द्यायचं, असं ठरलं होतं. १९९१ च्या जागतिक आरोग्य सभेने उद्दिष्ट ठेवलं: २००० सालापर्यंत दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण. रुग्ण म्हणजे कोण? ज्याला औषधाची गरज आहे तो. औषध संपलं की तो रुग्ण नाही, हात वाकडा असला तरी नाही. १९९७ मध्ये तज्ज्ञ समितीने एमबीची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. जंतू मारायला वर्ष पुरतं, हे खरं होतं आणि आजही खरं आहे. पण त्याचबरोबर धर्मशाळेचं गणित झालं. पाहुणे तेवढेच येत असले तरी मुक्काम दोन दिवसांऐवजी एकच दिवस ठेवला की धर्मशाळा अर्धी रिकामी दिसते. भारताने डिसेंबर २००५ मध्ये ते उद्दिष्ट गाठलं. २००१ साली देशात सहा लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले होते, २००६ मध्ये एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. ज्या रोगाचा जंतू शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा, तो पाच वर्षांत इतक्या वेगाने पळत नाही. शोधणारे हात कमी झाले की आकडाही कमी होतो. कोविडच्या वर्षात हे साऱ्या जगाने पुन्हा पाहिलं: २०१९ मध्ये दोन लाखांवर नवे रुग्ण, २०२० मध्ये एक लाख अठ्ठावीस हजारांच्या आसपास. जंतूने टाळेबंदी पाळली म्हणून नव्हे. २०२३ मध्ये आकडा परत १,८२,८१५ वर गेला आणि त्यातले निम्म्याहून अधिक आपल्या देशातले.

त्या काळात मी अहवाल लिहीत होतो. 'उपचारानंतरची नियमित तपासणी गरजेची नाही, रिलॅप्सचं प्रमाण अत्यल्प आहे. त्रास झाल्यास परत यावे असे रुग्णास सांगावे.' या अर्थाचं वाक्य मी तीन देशांच्या अहवालांत स्वतः लिहिलं आहे. रिलॅप्सच्या बाबतीत त्यातलं अक्षरही चुकीचं नाही. नसेच्या बाबतीत ते वाक्य मुळात विचारच करत नाही. 'त्रास झाल्यास परत यावे' हेही तिने अगदी पाळलं होतं. ती परत गेली. परत गेल्यावर समोर जो बसलेला असेल त्याला नस हाताने तपासता आली पाहिजे, एवढंच आम्ही लिहायचं विसरलो.

कुष्ठरोगाचं वेगळं खातं सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं तेव्हा आणखी एक गोष्ट हरवली. जुने अवैद्यकीय सहायक सायकलवरून गावोगाव फिरायचे. डॉक्टर नव्हते ते, पण अंधारात कोपराला हात लावून नस जाड आहे की नाही ते सांगायचे. त्यांच्यापैकी एक निवृत्त गृहस्थ माझ्या दवाखान्यात कधीमधी चहाला येतात. त्या दिवशी होते. बाईच्या कोपराला हात लावून म्हणाले, "दोन महिने झाले असतील." साडेदहा आठवडे काढायला मला बागेचं अख्खं पंचांग लागलं होतं!

उपचारांचं पहिलं पाऊल सोपं. साखर, रक्तदाब, छातीचा फोटो, खोकल्याची चौकशी, पाळीची चौकशी, जंताची गोळी. स्टिरॉइड सुरू करायच्या आधी हे सगळं, कारण क्षयरोग दडलेला असला तर तो भडकतो. मग प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, सकाळी भाकरी खाऊन झाल्यावर. राष्ट्रीय कार्यक्रमाची उतरंड बारा आठवड्यांची आहे: ४०, ३०, २०, १५, १०, ५, प्रत्येक पायरी दोन आठवड्यांची. नस दुखावली असेल तर मी ती वीस आठवड्यांपर्यंत लांबवतो, मधल्या पायऱ्यांवर जास्त थांबून. त्याहून लांबवण्यात फायदा नाही. वीस विरुद्ध बत्तीस आठवडे अशी तुलना करणारी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात दोन्ही गटांत नस सारखीच सुधारली होती.

पण स्टिरॉइड द्यायचं कुठून? तिचं नाव चालू यादीत नव्हतं आणि ती राहत होती दुसऱ्या तालुक्यात. रिअॅक्शनच्या नोंदींची सोय कार्यक्रमात आहे, ती उपचार संपलेल्यांसाठीही आहे. तरी औषध देणाऱ्याने आधी विचारलं, "चालू रुग्ण क्रमांक काय?" त्या तरुण डॉक्टरने दोन दिवस फोन करून ते सोडवलं. आशाताईंनी गावचं औषध एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवायचं ठरवलं, दर पंधरा दिवसांचं. हे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत बसणार नाही आणि मी ते सुचवलंही नव्हतं.

खरा पेच कोपराचा होता. सुजलेल्या नसेला विश्रांती हवी. कोपर वाकवला की अल्नर नस ताणली जाते. थिनिंग, डिपिंग, कटिंग, बागेतलं प्रत्येक काम हात वर आणि कोपर वाकवून, मांडवाखाली मान मागे टाकून, दिवसाचे आठ-नऊ तास. मी म्हटलं, "ताई, तीन आठवडे हाताला काम नको." ती हसली. हसण्याचं कारण जावेने सांगितलं: दसऱ्याला मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, तिघींच्या नावावर मिळून. एक हात कमी झाला की उरलेल्या दोघींवर चढतो.

माझ्या अहवालांत अशा जागी 'सामाजिक घटकांचा विचार व्हावा' असं एक वाक्य असायचं. पंचवटीतल्या त्या खोलीत उचल घेतलेली बाई समोर बसली असताना त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. तेव्हा मुकादमाला आत बोलावलं. त्याला काय सांगायचं, यावर त्या तरुण डॉक्टरचा आणि माझा फोनवर छोटासा वादच झाला. तिचं म्हणणं, काहीतरी सांगून वेळ मारून नेणं म्हणजे लपवाछपवी, आणि लपवण्यानेच या रोगाची भीती टिकते. तत्त्व म्हणून मला हे पूर्ण मान्य. पण रोगाचं नाव रुग्णाच्या मालकीचं असतं. कधी, कुणाला सांगायचं हे तिने ठरवायचं, आपल्या जनजागृतीसाठी तिने शहीद व्हायचं नाही. मी त्या बाईलाच विचारलं. ती म्हणाली, "नस दबली म्हणा." ते शंभर टक्के खरं होतं. मुकादमाला तेच सांगितलं: कोपरातली नस दबलीये, तीन आठवडे हात गळ्यात बांधून राहील, नंतर हलकं काम, नाहीतर हात कायमचा जाईल आणि मग पुढल्या वर्षी उचल कुणाच्या नावावर देशील? शेवटचं वाक्य त्याला बरोबर पोहोचलं. तिला टोळीच्या स्वयंपाकावर ठेवलं. बागेतल्या कामाहून रोजंदारी कमी, पण उचल फिटत राहिली.

मी मात्र इथेच चुकलो. स्वयंपाक म्हणजे चूल, आणि जानेवारीतल्या दिंडोरीच्या थंडीत रात्री शेकोटी. बधिर हाताला चटका कळत नाही. दुसऱ्या भेटीला तिच्या करंगळीच्या कडेला दोन फोड होते आणि तिला त्यांचा पत्ता नव्हता. मुकादम, उचल, नाव सांगायचं की नाही, या सगळ्याचा विचार करून झाला होता, चुलीचा राहिला होता. मग जावेने सांडशीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून दिली, तवा-पातेलं डाव्या हाताने उचलायचं ठरलं, आणि रोज रात्री हात पाण्यात भिजवून, तेल लावून दिव्याच्या उजेडात नीट पाहायचा नेम लावला. रात्री कोपर फार मिटू नये म्हणून जुन्या लुगड्याची घडी कोपराच्या आतल्या बाजूला बांधून झोपायची.

संपर्कातल्या लोकांबद्दल थोडक्यात सांगतो. २०२३ मध्ये तिच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तपासून रिफाम्पिसिनची एकच प्रतिबंधक मात्रा दिली होती. बांगलादेशातल्या ज्या चाचणीवर हे धोरण उभं आहे, तिच्यात पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांत ५७ टक्के घट दिसली होती. भारतात या पद्धतीची पहिली चाचपणी झाली ती नाशिकपासून फार लांब नसलेल्या दादरा-नगर हवेलीत. कार्डावरची यादी नीट होती, पण ती घराची यादी होती. वर्षातले पाच महिने ती बागेतल्या पत्र्याच्या खोलीत टोळीतल्या अकरा जणांबरोबर झोपते, त्यातल्या फक्त तिघांची नावं यादीत होती. संपर्काचा पत्ता विचारताना 'घर कुठे' विचारतो आपण, 'झोपता कुठे' विचारत नाही. आता बारा महिन्यांच्या उपचारांनंतर तिच्याकडून संसर्गाचा धोका उरलेला नव्हता, पण ते आठ जण आधीच्या हंगामातही सोबत होतेच. शिमग्याला टोळी गावी परतली तेव्हा आशाताईंनी सगळ्या पाड्याची त्वचातपासणी ठेवली, कुणाचंही नाव न घेता. त्यात एका पोराच्या दंडावर एक डाग सापडला. त्याचे उपचार सुरू आहेत, नसा चांगल्या आहेत. त्याच्या कार्डावर डॉक्टरने पहिल्याच दिवशी स्वतः पेन टेकवून नोंद केली, आणि आमच्या आग्रहाने दुसऱ्या वर्षाच्या तारखाही हाताने आखल्या, कारण छापील तक्त्यात तेवढी जागा नाही.

बाईच्या हाताचं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यात ठणका थांबला आणि डाग बसले. सहाव्या आठवड्यात करंगळी माझ्या बोटाला थोडा विरोध करायला लागली. बाराव्या आठवड्यात चारपैकी दोन ठिकाणी पेन कळलं. मध्ये एकदा ३० वरून २० वर येताना नस पुन्हा दुखली, तेव्हा मागच्या पायरीवर दोन आठवडे थांबलो. चेहरा गोल झाला, भूक वाढली. "माहेरी आल्यासारखी दिसायला लागले," म्हणाली. वीस आठवडे असे बावीस झाले आणि जूनच्या शेवटी संपले. करंगळीच्या टोकाची संवेदना अजून नाही, बहुधा येणार नाही. कार्डावर ती आता विकृती श्रेणी एक: बधिरता आहे, दिसणारं व्यंग नाही. जानेवारीत एमडीटीची बारा पाकिटं परत सुरू झाली असती तर दोन लिहिलं असतं.

घरी ताकद पाहण्यासाठी तिच्या सहावीतल्या मुलीला एक खेळ शिकवला आहे. आई करंगळी आणि अनामिकेत वहीचा कागद धरणार, मुलगी ओढणार, आणि काय झालं ते दर रविवारी वहीत लिहिणार. फेब्रुवारीतल्या पहिल्या चार नोंदी 'निसटला' अशा आहेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी तिने आशाताईंच्या फोनवरून मला फोन केला. "डॉक्टर आजोबा, आज कागद फाटला."

पुढच्या वेळी जाड कागद घे, म्हटलं.